समजावणीचं जोडपं

जोडपं पाठवा, मग येते, असा विनिताचा निरोप आला तेव्हा रुक्मिणीबाईंना आधी बरंच वाटलं. सून रीत विसरली नव्हती. जिला रीत आठवते तिचा जीव अजून घरात आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. मग त्यांच्या मुलाने, जितेंद्रने फोन खिशात ठेवला आणि उरलेला निरोप फरशीकडे बघत सांगितला. जोडपं कोणतं तेही विनिताने नावानिशी सांगितलं होतं. प्रितेश आणि कौस्तुभ.

पडवीत रुक्मिणीबाईंचे यजमान काशिनाथराव खुर्चीत होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. त्यांची बहीण मनोरमाआत्या विळीवर भाजी चिरत होत्या, त्यांचा हात थांबला.

"कोण कोण?" त्यांनी विचारलं. ऐकू आलं होतं तरी विचारलं.

उमेळ्याच्या या घरात रुसून गेलेल्या सुनेला आणायला नवरा जात नाही. ही रीत काशिनाथरावांच्या आजीने, धोंडूबाईंनी घातली. त्या स्वतः एकदा माहेरी गेल्या होत्या आणि त्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं. शेवटी एकट्या चालत परत आल्या. पुढे घरात त्यांचा शब्द चालायला लागला तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, की या घरातल्या दुसऱ्या कुठल्या बाईला असं परत यावं लागणार नाही. नवरा गेला तर भांडण तिथे जाऊन नव्याने सुरू होतं, म्हणून घरातलं दुसरं जोडपं समजावणीला जायचं. वाडीतलं केळ्यांचं एक लोंगर काढायचं, बांबूला बांधायचं, दोघांनी दोन टोकं धरायची आणि पोचेपर्यंत खाली टेकवायचं नाही. ज्यांच्यात अबोला असेल त्यांनी जायचं नाही. काशिनाथराव आणि रुक्मिणीबाई चुलत्या-पुतण्यांच्या बायकांना आणायला असे कितीदा जाऊन आले होते. पण थंडीत काशिनाथरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मनोरमाआत्या विधवा. घरात जोडपं उरलंच नव्हतं, आणि विनिताने हे निरोप देण्याआधी नक्की मनात घोळवलं असणार.

"दोन बाप्यांना जोडपं म्हणून कामणला पाठवणार?" मनोरमाआत्या म्हणाल्या. "तिच्या भावाच्या बिल्डिंगीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतील."

रुक्मिणीबाईंच्या डोक्यात माणसं नव्हती, रविवार होता. परवाच्या रविवारी त्यांच्या नातीचा, पिंकीचा साखरपुडा होता. विरारहून नवऱ्यामुलाच्या, संकेतच्या घरचे येणार होते आणि मुलीची आई घरात नव्हती. शेजारपाजारी शाळेचं ट्रेनिंग म्हणून सांगून झालं होतं. रविवारी तेही चालणार नव्हतं. विनिता आली नाही तर व्याही काय समजायचं ते समजतील, आणि लग्न तिथेच थांबेल. गेल्या सोमवारपासून रुक्मिणीबाईंच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता.

सोमवारी झालं ते इतकं कमी आवाजात झालं होतं की आत्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. व्याही चहाला आले होते. बोलता बोलता विषय काशिनाथरावांच्या आजारपणावर गेला, आणि जितेंद्र सहज म्हणून गेला की विनिता आता शाळा सोडणारच आहे, बाबांकडे बघायला घरात कोणीतरी हवंच. व्याहीणबाईंनी मान डोलावली. विनिता त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. येत्या जूनपासून ती मुख्याध्यापिका होणार होती. ट्रे तिने हलू न देता खाली ठेवला, पाहुणे जाईपर्यंत हसून बोलली, कपबशा विसळल्या, आणि बॅग भरून भावाकडे, प्रल्हादकडे कामणला निघून गेली.

"आई, प्रितेशला मी रविवारचं वेगळं सांगितलंय," जितेंद्र आता म्हणाला. "एकटाच ये म्हटलंय. कौस्तुभ कोण म्हणून व्याह्यांनी विचारलं तर काय सांगायचं? आणि इकडे हिला तेच दोघे पाहिजेत."

प्रितेश जितेंद्रचा धाकटा भाऊ. तुळिंजच्या फ्लॅटमध्ये तो आणि कौस्तुभ दहाएक वर्षं एकत्र राहत होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलण्यात मात्र कौस्तुभ नेहमी प्रितेशचा मित्र असायचा.

"मला एक कधी कळलं नाही," मनोरमाआत्या विळीकडे बघत म्हणाल्या. "त्यांच्यात बाई कोण?"

"विनिता सांगत होती, स्वयंपाक कौस्तुभ करतो. कपडे, भांडी आपला प्रितेश," रुक्मिणीबाईंनी सांगितलं.

"म्हणजे दोघेही बायकाच."

"मग काय वाईट झालं?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते पटकन निघून गेलं आणि त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

या घरात शेवटचा शब्द काशिनाथरावांचा. झटक्यानंतरही तो त्यांचाच राहिला, फक्त यायला वेळ लागायचा. जितेंद्र भिंतीला टेकून वाट बघत राहिला. काशिनाथरावांनी डाव्या हाताने वाडीकडे खूण केली.

"लोंगर... काढा."

म्हणजे हो. त्या दोघांना विचारायला हवं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

*

प्रितेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा कौस्तुभ कणीक मळत होता. खाली बाजारात भाजीवाले ओरडत होते, समोरच्या दुकानात कोणीतरी मिक्सर चालवून बघत होतं. या आवाजांमुळेच घरातला अबोला दोघांनी इतका रेटला असावा. मंगळवारी रात्री जेवताना प्रितेश म्हणाला होता की दादाशी बोलणं झालंय, रविवारी मी एकटाच जातो, तेच बरं पडेल. कौस्तुभने बरं म्हटलं होतं, आणि मग दुसरं काही बोलायचं त्याला सुचलंच नव्हतं.

प्रितेशने आता उमेळ्याहून आलेला फोन सांगितला. सांगताना तो दाराची कडी वरखाली करत होता. विनितावहिनींना आणायला जायचंय, जोडप्याने जायचं असतं, बाबा हो म्हणालेत. शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं. बाबा हो म्हणालेत.

कौस्तुभने हात धुतले. साताऱ्याला त्याच्या घरी त्याचा फोन कोणी उचलत नव्हतं, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. उमेळ्याला तो गेला की बाहेरच्या खुर्चीवर बसायचा, पाहुण्यांना देतात त्या कपातून चहा प्यायचा. आता त्याच घराने त्याला जोडपं म्हटलं होतं. ऐकून त्याला आनंद झाला असता, पण आनंद व्हायच्या आत रविवार आठवला.

"रविवारी मी नको," तो म्हणाला. "आणि आज जोडपं म्हणून हवा."

प्रितेशने कडी सोडली.

"आणि अबोला असला तर जायचं नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. रीत अशी आहे ना तुमच्याकडे?"

"आता बोलतोय ना आपण."

एरवी कौस्तुभला हसू आलं असतं. आतल्या खोलीत कपाटामागे त्याची बॅग होती. बुधवारी त्याने तिच्यात चार शर्ट टाकले होते, काल दाढीचं सामान. ऑफिसातल्या एकाच्या खोलीवर जागा होती. अजून काही ठरलं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत होता.

पण वहिनी. त्याला डेंगी झाला होता तेव्हा विनितावहिनी रोज शाळेच्या आधी डबा घेऊन तुळिंजला यायच्या. एकदा मुलांच्या वह्या तपासत त्याच्या उशाशी बसल्या, आणि तो ग्लानीत आईला हाक मारत होता तर ओ देत राहिल्या. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

"मी वहिनींसाठी येतो," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही, हे लक्षात ठेव."

उमेळ्याला वाडीच्या मागच्या फाटकाशी रुक्मिणीबाई लोंगर घेऊन उभ्या होत्या. राजेळी केळी, अजून हिरवी, देठाला ताजा चीक. त्यांनी खण-नारळ कौस्तुभच्या हातात दिला, प्रितेशच्या नाही. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. मग दोघांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "सगळं बरं आहे ना?" दोघेही एकदम हो म्हणाले. रुक्मिणीबाईंनी मान हलवली, पण रिक्षा वळेपर्यंत त्या फाटक धरून उभ्या होत्या.

रिक्षात प्रितेश म्हणाला की पायाशी ठेवू, कोण बघतंय. कौस्तुभने ऐकलं नाही. टेकवायचं नाही म्हणजे नाही. मग लोंगर दोघांच्या मांड्यांवर आडवं राहिलं, बांबू रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. भिवंडी रस्त्याला लागल्यावर गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांमागे रिक्षा अडकली. चीक दोघांच्या शर्टांवर उतरत होता. तो डाग जात नाही, हे प्रितेशला लहानपणापासून माहीत होतं आणि कौस्तुभला माहीत नव्हतं. सांगावं असं प्रितेशच्या मनात आलं. त्याने सांगितलं नाही.

*

विनिताने त्यांना प्रल्हादच्या गॅलरीतून बघितलं. खाली मुलं क्रिकेट थांबवून बघत होती. एका काकांनी तर विचारलंही, काय भाव देणार, आणि प्रितेशने विकायचं नाही म्हणून सांगितलं. मग दोघे जिना चढायला लागले.

ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.  आपण हट्ट केला का, पिंकीच्या गळ्याशी आपला राग बांधला का, हे ती दिवसभर उलटसुलट करत होती. प्रितेश उंच, तो पुढे. त्यामुळे लोंगर मागे घसरून कौस्तुभच्या छातीशी येत होतं. वळणावर बांबू भिंतीला लागला. कौस्तुभ "थांब" म्हणाला, प्रितेश थांबला. पुन्हा चालू लागला. एवढंच.

तिथेच तिला कळलं. ट्रेनिंगसाठी ती एकदा आठवडाभर तुळिंजला त्यांच्याकडे राहिली होती. त्या दोघांनी वॉशिंग मशीन वर चढवलं तेव्हा तळमजल्यापासून दारापर्यंत दोघांची तोंडं बंद नव्हती. तू तिरकं धरलंस, तुला सांगितलं होतं, तुझ्या बापाने उचललं होतं का कधी. मशीन जागेवर बसेपर्यंत भांडण संपलेलं होतं आणि दोघे पंख्याखाली बसून ताक पीत होते. दळण कोणी आणायचं, सिलिंडर आला की घरी कोणी थांबायचं, यावर सुद्धा ते वाद घालायचे. तिला पहिले दोन दिवस वाटलं की यांचं काही खरं नाही. मग ती परत उमेळ्याला आली, आणि तिच्या आणि जितेंद्रच्या खोलीतली शांतता तिला पहिल्यांदा ऐकू आली. लग्नानंतर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. नातेवाईक म्हणायचे, जोडा कसा छान आहे.

आणि आता हे दोघे न भांडता जिना चढत होते.

प्रल्हादच्या बायकोने लोंगर उतरवून घेतलं, पाणी दिलं आणि ती आत गेली. प्रितेश कोचावर बसला आणि ठरवल्यासारखं बोलू लागला. घरी सगळे वाट बघतायत, आई जेवत नाही, दादाला चूक कळलीय.

"तुमच्यात काय झालंय?" विनिताने मध्येच विचारलं.

"काही नाही, वहिनी."

तिने कौस्तुभकडे बघितलं. कौस्तुभ खण-नारळ अजून मांडीवर धरून बसला होता.

"रविवारी मी यायचं नाही असं ठरलंय," तो म्हणाला. "जितेंद्रदादा आणि ह्याने ठरवलं. मग मला सांगितलं."

विनिताला हसू फुटलं. थांबवता येईना. डोळ्यांत पाणी आलं तरी ती हसत होती.

"म्हणजे तुझ्या घरीपण जितेंद्रच आहे," ती म्हणाली.

प्रितेशचा चेहरा उतरला. आपण दादासारखे नाही, हा त्याचा आयुष्यभराचा आधार होता. तो म्हणाला की ही गोष्ट वेगळी आहे. काय वेगळं ते त्याला सांगता येईना. तो शर्टावरचा डाग नखाने खरवडत राहिला. मग एकदम बोलला. घराला लागलेला पहिला डाग मीच आहे, असं आत्या माझ्यासमोर म्हणाली होती. पिंकीचं लग्न माझ्यामुळे मोडलं तर मी त्या घरात पाय कसा ठेवू? मला भीती वाटली, वहिनी. रोज वाटते.

"हे मला सांगितलं असतंस," कौस्तुभ म्हणाला, "तर मीच म्हटलं असतं, नाही येत. विचारलं असतंस तर मीच नाही म्हटलं असतं."

विनिताचं हसू गेलं. हे वाक्य तिचं होतं. बाबांना झटका आला त्या आठवड्यातच तिने शाळेत चौकशी केली होती, वर्षभर बिनपगारी रजा मिळते का. जितेंद्रला ती सांगणारच होती. त्याने एकदा विचारलं असतं तर कदाचित ती स्वतःच थांबली असती. आता ते कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण सोमवारनंतर तिची ती इच्छाच उरली नव्हती.

"मला वाटायचं तुमचं तरी वेगळं असेल," ती म्हणाली.

"आमचं काही वेगळं नाही, वहिनी." कौस्तुभ हळू बोलत होता. "भांडण तेच. वेगळं असेल तर एवढंच, की आमच्यात काय कोणी करायचं ते आधी कोणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून सगळं बोलावं लागतं. आणि बोलणं तुटलं तर आमच्याकडे कोणी लोंगर घेऊन येत नाही. मी गेलो तर गेलो. ह्याच्या आईला सुद्धा दोन महिन्यांनी कळेल."

"गेलो म्हणजे?" प्रितेशने विचारलं.

कौस्तुभने मांडीवरचा नारळ फिरवला.

"कौस्तुभ. गेलो म्हणजे काय?"

"कपाटामागे बॅग आहे. भरलीय थोडी."

प्रितेश उठला, गॅलरीपर्यंत गेला, परत आला. खाली मुलांचा खेळ पुन्हा सुरू झाला होता. तो कौस्तुभच्या बाजूला बसला, मग त्याला वाटलं की इतक्या जवळ बसायचा आपल्याला हक्क आहे का, आणि थोडा सरकला. "मी दादाला सांगतो, तू येणार," तो म्हणाला.

"परत तूच ठरवलंस."

या वेळी प्रितेशने विचारलं, "येशील का?"

"माहीत नाही. घरी जाऊन बोलू. आज रात्री बोलू, पूर्ण. मग सांगतो."

विनिता उठून आत गेली. तिची बॅग पलंगाखाली होती. धोंडूबाईंच्या नियमाने हे जोडपं परत पाठवायला हवं होतं. पण ज्यांच्यात सगळं आलबेल आहे असं एखादं जोडपं आलं असतं, तर तिने खण-नारळ घेऊन त्यांना चहा पाजला असता आणि ती गेली नसती. बॅग घेऊन ती बाहेर आली.

"चला," ती म्हणाली. "मी येते म्हणजे माझा राग गेला असं नाही. तेवढं वाटेत दोघांनी ध्यानात ठेवा."

*

काशिनाथरावांना खुर्चीतून फाटक दिसायचं. रिक्षा थांबली, आधी विनिता उतरली, मग दोघे. रुक्मिणीबाई लगबगीने पायऱ्यांशी गेल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या डोळ्यांना पाणी लावलं. मागे उभ्या असलेल्या दोघांवरून ओवाळायचं की नाही, याने त्यांचा हात क्षणभर अडला. मग त्यांनी दोघांवरून मिळून एकदाच ओवाळलं. मनोरमाआत्या उठून आत गेल्या आणि आतल्या दारातच थांबल्या. ऐकू येईल इतक्या जवळ.

विनिता आत गेली नाही. सासऱ्यांना नमस्कार करून ती पडवीत जितेंद्रच्या समोर बसली. इतक्या वर्षांत ती पडवीत त्याच्या समोर अशी कधी बसली नव्हती. जितेंद्र बरी आहेस का म्हणाला. ती बरी आहे म्हणाली.

मग तिने सांगितलं. रागावून नाही, वर्गात समजावतात तसं. मी शाळा सोडणार नाही. बाबांसाठी दिवसा बाई ठेवायची, माझ्या सुट्टीत मी, तुमच्या सुट्टीत तुम्ही, त्याचं सगळं आपण बसून बोलू. पण आधी व्याह्यांना फोन करायचा आणि खरं ते सांगायचं. आणि रविवारी कौस्तुभ आला तर तो प्रितेशशेजारी बसेल, त्यांनी विचारलं तर तेही खरं सांगायचं.

"विनिता, एकदा शब्द दिलाय मी त्यांना."

"शब्द माझा होता. तुम्ही दिलात."

जितेंद्र वाईट माणूस नव्हता. काशिनाथरावांना हे माहीत होतं, कारण तो हुबेहूब त्यांच्यासारखा होता. त्यांनीही घरातलं सगळं असंच ठरवलं होतं, मनात एकदा पक्कं करून मग बाहेर सांगायचं. रुक्मिणीने कधी उलट शब्द काढला नाही. तिला काय वाटलं असेल, हे त्यांच्या डोक्यात या खुर्चीत बसल्यावर यायला लागलं, जेव्हा पाणी हवं हेही दुसऱ्याला कळेपर्यंत थांबावं लागतं.

आतून आत्यांचा आवाज आला, की एका दिवसात दोन दोन गोष्टी सांगितल्या तर ते लोक लग्न मोडतील, आणि मग दोष कोणाला द्याल. जितेंद्रने फोन हातात घेतला होता. अंगठा स्क्रीनवर होता आणि दाबत नव्हता. प्रितेश म्हणाला, वहिनी, आमचं राहू दे, फक्त शाळेचं सांगा. विनिता म्हणाली, राहू द्यायचं असेल तर ते कौस्तुभ म्हणेल. रुक्मिणीबाई दोन्हीकडे बघत होत्या. सगळे बोलत होते, आणि आवाज कोणाचाच मोठा नव्हता.

काशिनाथरावांना मान वळवायला वेळ लागतो. ती वळवली तेव्हा त्यांना कडेच्या खोलीच्या दारात पिंकी दिसली. ऑफिसमधून आली होती, पर्स अजून खांद्याला. कधीपासून उभी होती कोण जाणे.

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवला.  शब्द तोंडात फिरत राहिला.

"हिला... विचा... रलं?"

विनिताने वळून बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की काशिनाथरावांना आपण बोललो याचं वाईट वाटलं. कामणच्या गॅलरीत तिने पिंकीचा विचार केला होता, पण विचारलं तिनेही नव्हतं.

"पिंकी," ती म्हणाली.

"मला माहीत नाही, आई," पिंकी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मला संकेतला कौस्तुभकाकांचं सांगायचं होतं. मार्चपासून ठरवतेय. मीच घाबरले. मोडलं तर मला खूप वाईट वाटेल, हे सगळ्यांनी आधी ऐकून घ्या." ती थांबली. "पण लग्नानंतर कळून मोडलं तर काय करू? फोन बाबांनी करायचा नाही. मी करते."

"मला विचारते आहेस का?" कौस्तुभने विचारलं.

पिंकी त्याच्याकडे वळली. "हो. सांगू का, काका?"

कौस्तुभने प्रितेशकडे बघितलं. प्रितेशने डोळे मिटून होकाराची मान हलवली. मग कौस्तुभ म्हणाला, "सांग."

ती फोन घेऊन वाडीत गेली. तिने कोणाला येऊ नका म्हटलं नव्हतं, तरी कोणी गेलं नाही. काशिनाथरावांना ती केळींच्या रांगेत पाठमोरी दिसत होती. एक हात कानाशी, दुसऱ्या हाताने ती वाळलेलं पान ओढत होती. ओढताना मध्येच थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली. रुक्मिणीबाई उठायला लागल्या, तर विनिताने त्यांचा पदर धरून बसवलं. जितेंद्र पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला होता. त्याच्या पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता.

पिंकी परत आली तेव्हा दिवे लागले होते.

"संकेत रविवारी येतोय," ती म्हणाली. "त्याच्या आईपण. शाळेचं त्यांना काही वाटलं नाही, त्या म्हणाल्या, सोडणार ऐकलं तेव्हाच नवल वाटलं होतं. काकांचं ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, संकेतच्या वडिलांशी बोलावं लागेल. वडील येतील की नाही, हे त्यांनाही माहीत नाही."

"आणि नाही आले तर?" जितेंद्रने विचारलं.

"ते रविवारी कळेल."

ती पायरीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. विनिता उठली, दोन पावलं गेली आणि मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो मध्येच थांबवला.

"बसू का तुझ्याजवळ?" तिने विचारलं.

पिंकीने थोडा विचार केला. मग सरकून जागा केली.